जेटीवरचा माणूस

(दहावी १९९४ च्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना राहून गेलेले दोन-चार तपशील लिहून काढताना घातले आहेत.)

तीस वर्षांनी पुन्हा त्याच बाकांवर, या वेळी जरा अडकूनच बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो आणि मित्रांनो,

संयोजकांनी मला "आय.टी. क्षेत्रातली माझी वाटचाल" असा विषय दिला होता. मी हो म्हटलं, दोन वेळा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा मलाच झोप आली. चोवीस वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते आहे, आणि त्यातलं पहिल्या दहा वर्षांत लिहिलेलं बहुतेक सगळं आज कुठेही चालत नाही. त्याबद्दल वीस मिनिटं बोलण्यात अर्थ नव्हता. म्हणून मी एका चित्राबद्दल बोलणार आहे. ते या भिंतीवर लावलंय. मागच्यांना नीट दिसणार नाही, जेवणाच्या सुट्टीत जवळ येऊन बघा. बारा इंच बाय नऊ इंच, काळं-पांढरं, एक होडी, तीत सहा माणसं, मागे सिंधुदुर्ग किल्ला, आणि उजव्या कोपऱ्यात जेटीवर एक माणूस. त्या माणसाला तुम्ही सगळे ओळखता. तुमच्यापैकी निम्म्यांनी त्याच्या हातचा मार खाल्लाय.

हो, आपले पी.टी.चे सर. माझे बाबा. आज ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत आणि तिसऱ्या रांगेत बसलेत. मी पुढे जे सांगणार आहे त्याची परवानगी त्यांच्याकडून घेतली आहे. ते म्हणाले, "सांग. आता कोण मला शिट्टी मागणार आहे?"

आधी या चित्राच्या जातीबद्दल थोडं. मी "प्रिंट काढते" म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे झेरॉक्स का? झेरॉक्स नव्हे. पहिली-दुसरीत बाईंनी आपल्याला भेंडीचे ठसे करायला लावले होते, आठवतंय? भेंडी आडवी कापायची, रंगात बुडवायची आणि कागदावर दाबायची, की फूल उमटतं. त्या भेंडीचा हा थोरला भाऊ. भेंडीच्या जागी लिनोलियमचा तुकडा असतो. नाव परकं असलं तरी माल ओळखीचा आहे. जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि पाठीला तागाचं कापड. त्या नावातलं 'लिन' म्हणजे जवसच. मुळात ही वस्तू फरशीवर अंथरण्यासाठी १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघाली, चित्रकारांनी ती नंतर उचलली. गांधीजी हातात काठी घेऊन चाललेत, काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, ते चित्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. नंदलाल बोस यांनी ते १९३० साली दांडीयात्रेच्या निमित्ताने केलं, आणि ते लिनोकटच आहे.

आपल्या घरात देवघराच्या वर जी लक्ष्मी-सरस्वती असायची, तीही छापचित्राच्याच कुळातली. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे दगडावरून छपाई व्हायची, एकेका रंगाला वेगळा दगड. पण ते मोठ्या यंत्रावरचं काम. माझं काम स्वयंपाकघरातल्या ओट्यावर चालतं.

लिनोवर गोष्ट उलटी असते. जिथे कोरून काढाल तिथे कागद पांढरा राहतो. जे शिल्लक ठेवाल ते काळं उमटतं. म्हणजे तुम्ही काळं काढत नाही, पांढरं काढता. होडीची एक कड काळी दिसायची तर तिच्या दोन्ही बाजूंचं सगळं कोरून फेकायचं. हत्यारं दोन प्रकारची, टोकदार तोंडाची बारीक रेषेला आणि गोल तोंडाची मोठ्या जागेला. थंडीत लिनो कडक होतो, कोरताना तुकडे उडतात, म्हणून तो आधी ऊबदार करून घ्यावा लागतो. मी तो चालू लॅपटॉपखाली ठेवते. ऑफिसची मीटिंग संपेपर्यंत छान मऊ होतो. कंपनीच्या यंत्राचा इतका चांगला उपयोग मी दुसरा केलेला नाही.

मग काचेवर शाई घ्यायची, रोलरने पातळ पसरायची, ती ठशावर फिरवायची, वर हातकागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीने इंच-इंच घासायचं. एका प्रतीला वीस मिनिटं लागतात. माझा चमचा लग्नातल्या रुखवतातला आहे.

हे मी २०२१ मध्ये शिकले. घरून काम करून करून मान आणि मनगट दोन्ही गेले होते, डॉक्टरांनी सांगितलं, स्क्रीन सोडून हाताचं काहीतरी करा. पुण्यात दोन शनिवारांचा वर्ग होता. तिथल्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "पूर्वी चित्रं काढलीयेत का?" मी म्हटलं, आठवीत एलिमेंटरी, नववीत इंटरमिजिएट, दोन्हीत ए ग्रेड, मग सायन्स. त्या हसल्या. वर्गातल्या अकरा जणांपैकी सात जणांचं उत्तर हेच होतं.

एलिमेंटरीला स्मरणचित्र नावाचा पेपर असायचा, ते तुम्हाला आठवत असेल. समोर काही नाही, आठवून काढायचं. बाजार, बसस्टँड, पावसातला रस्ता. आपले चित्रकलेचे सर सरावाला विषय द्यायचे आणि मी काहीही विषय दिला तरी त्यात होडी घालायचे. 'आठवड्याचा बाजार' दिला तर बाजारामागे नदी आणि नदीत होडी. सर एकदा वैतागून म्हणाले, "अगं, होडी घालतेस तर माणसं तरी घाल तीत. रिकामी होडी काय वाळत घातलीयेस का?"

होडी कुठून यायची, तर मे १९८९ मधून. मी नुकतीच पाचवी पास झाले होते, दादा आठवी. बाबांनी एल.टी.सी. का कसला तरी भत्ता मिळाला म्हणून आम्हाला मालवणला नेलं. आई, दादा, मी, मावशी आणि तिची दोन मुलं. लाल गाडीने राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून दुसरी गाडी. घाटात मी आणि मावसभाऊ दोघांनीही आलटून पालटून उलट्या केल्या. समुद्र आमच्यापैकी फक्त आईने आधी पाहिला होता, तोही चौपाटीवरून.

सिंधुदुर्गाला जायचं तर मालवणच्या जेटीवरून होडीत बसावं लागतं. किल्ला समोरच दिसतो, कुरटे बेटावर, अर्ध्या किलोमीटरच्या आसपास. तेव्हा लाकडी होडी होती, दोघे वल्हवणारे. आम्ही सगळे बसलो. बाबा जेटीवरच उभे. म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी सामान सांभाळतो." सामान म्हणजे एक रेक्झिनची बॅग, एक कापडी पिशवी, एक फिरकीचा तांब्या आणि काळी छत्री. होडीवाला म्हणाला, "येवा मास्तर, काय होवचा नाय." बाबांनी मान हलवली आणि दोन पावलं मागे गेले.

होडी निघाली. दादा मोठ्याने म्हणाला, "बाबा घाबरले! शाळेत सगळ्यांना उड्या मारायला लावतात आणि स्वतः घाबरले!" मी हसले. मावशीची मुलं हसली. होडीवालाही हसला. आणि आईने दादाला फाडकन तोंडात मारली. आईने आमच्यापैकी कुणाला मारल्याची माझ्या आयुष्यातली ती एकमेव वेळ. त्यानंतर किल्ल्यापर्यंत कोणी बोललं नाही, फक्त वल्ह्यांचा आवाज.

किल्ल्यातलं मला पुष्कळ आठवतं. दरवाजा जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, तटबंदीच्या वळणात लपलाय. आत शिवरायांचं देऊळ, राजाराम महाराजांनी बांधवलेलं. खाऱ्या पाण्याच्या मधोमध गोड्या पाण्याच्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव. दरवाज्याजवळच्या घुमटीत चुन्यात उमटलेला महाराजांच्या हाताचा ठसा आणि पायाचा ठसा. मावशीने त्याला हात जोडले. दादा कशालाच बघत नव्हता. गाल लाल झाला होता त्याचा. त्या सहलीचा एकही फोटो नाही, कॅमेरा आमच्याकडे नव्हताच.

आता एक उडी वीस वर्षांची. २००९ मध्ये कंपनीने मला अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ सहा महिने पाठवलं होतं. तिथल्या नॅशनल गॅलरीला तिकीट नाही, आणि हिवाळ्यात शनिवारी बाहेर कुठे जाणार, म्हणून मी दर शनिवारी तिथे. तिथे मेरी कॅसॅट या चित्रकर्तीचं एक मोठं तैलचित्र आहे, 'द बोटिंग पार्टी', १८९३-९४ चं. एक बाई, तिच्या मांडीवर बाळ, आणि वल्हवणारा पुरुष. पुरुष आपल्याकडे पाठ करून बसलाय, गडद कपड्यांत, आणि इतका मोठा की अर्धं चित्र त्यानेच व्यापलंय. मी त्या चित्रासमोर का उभी राहते हे मला तेव्हा समजलं नव्हतं. आमच्या होडीत तेवढ्या जागेवर कोणीच नव्हतं, हे मला पार तेरा वर्षांनी सुचलं.

त्याच कॅसॅटबाईंनी छापचित्रंही केली. १८९० मध्ये पॅरिसमध्ये जपानी छापचित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, ते बघून त्या भारल्या गेल्या आणि वर्षभरात दहा रंगीत छापचित्रांची मालिका केली. बायका, मुलं, आंघोळ, पत्र चिकटवणं, घरातलं सगळं. त्यांच्या एकेका चित्राच्या अनेक 'अवस्था' आहेत. म्हणजे ठसा थोडा कोरून एक प्रत काढून बघायची, परत कोरायचं, परत प्रत. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला व्हर्जन म्हणतो, तेच. फरक एवढाच की आम्हाला मागच्या व्हर्जनवर परत जाता येतं. कोरलेला लिनो परत भरत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात मी ती होडी कोरायला घेतली. आठवणीतूनच. दोन महिने शनिवार-रविवार. छापल्यावर सगळं आरशातल्यासारखं उलटं उमटतं, म्हणून चित्र ठशावर उलटं काढायचं असतं. हे मला पाठ होतं. किल्ला मी ट्रेसिंग कागदावर काढून, कागद उलटा करून उतरवला. होडी मात्र रात्री अकरा वाजता उत्साहाच्या भरात थेट ठशावर काढली. नियम अर्धा पाळला. आमच्या धंद्यात निम्मे घोळ याच प्रकारचे असतात.

पहिली प्रत ठशावरून सोलून काढली तेव्हा किल्ला डावीकडे, जिथे हवा तिथे. आणि होडीचं तोंड उजवीकडे, किल्ल्याला पाठ करून. मला किल्ल्याकडे निघालेली होडी दाखवायची होती. एक तास मी ते बघत बसले. माणसं मात्र चांगली उतरली होती. आईच्या पदराचा वारा, मावशीचा डोक्यावर धरलेला हात, दादाची खाली गेलेली मान. उजवा कोपरा, जिकडे किनारा यायला हवा, तो मी सरसकट कोरून पांढरा ठेवला होता. ऊन म्हणून. चित्राला श्वास घ्यायला जागा म्हणून. असलं काहीतरी त्या वर्गात ऐकलं होतं. सात प्रती काढल्या आणि चूक कोणाच्या लक्षात येणार नाही असं ठरवून दिवाळीला गावी घेऊन आले.

आईने चष्मा लावून चित्र उजेडात धरलं. म्हणाली, "छान आहे गं. ही मी. हा पदर तेव्हाचा हिरवा." मग म्हणाली, "होडी परत येतेय ना?"

मी म्हटलं, "अगं ती चूक आहे," आणि तिला आरसा, ट्रेसिंग कागद, सगळं समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चूक कशी? परत येतेय हेच बरोबर. पण मग तुझे बाबा कुठायत?"

"बाबा होडीत नव्हतेच की."

"होडीत नव्हते. जेटीवर होते. होडी परत येतेय तर इकडे ते उभे पाहिजेत." आणि तिने त्या पांढऱ्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

बाबा तेव्हा बाहेर कट्ट्यावर होते. आईने आवाज कमी केला आणि मला ती गोष्ट सांगितली, जी तिला लग्नानंतर आजीने सांगितली होती. बाबा नऊ वर्षांचे असताना त्यांना मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकवायला नेलं. पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधून सोडायचे तेव्हा. दोर सैल होता. ओंडका सुटून वर आला आणि बाबा खाली गेले. चुलतभावाने सूर मारून केसांना धरून वर काढलं. त्यानंतर बाबा पाण्यात उतरलेले नाहीत. विहिरीत नाही, नदीत नाही, पंचगंगेला पूर येतो तेव्हा घाटावर बघायलासुद्धा जात नाहीत. "आणि ते कुणाला सांगायचं नाही असं त्यांनी मला सांगितलंय," आई म्हणाली. "मास्तरच घाबरतो म्हटल्यावर पोरं उड्या मारतील का?"

आता तुम्ही जरा आठवा. नववीची सहल, डिसेंबर १९९२. तारकर्ली, मालवण, सिंधुदुर्ग. आपण त्रेपन्न जण. बाबा जेटीवर उभे राहून एकेकाला होडीत चढवताना मोजत होते आणि परत आल्यावर उतरवून घेताना मोजत होते. शिट्टी तोंडात. आपल्याला वाटलं, काय शिस्तीचा माणूस आहे, किल्ला बघायचा सोडून पोरं मोजतोय. मलाही तेच वाटलं, आणि मी तर त्यांच्या घरात राहत होते. पुढे निवृत्त होईपर्यंत त्यांनी अशा बऱ्याच सहली नेल्या. म्हणजे त्या जेटीवर ते इतक्यांदा उभे राहिले आणि किल्ल्यात एकदाही गेलेले नाहीत.

मी दादाला फोनवर चित्राचा फोटो पाठवला आणि खाली आईने सांगितलेलं लिहिलं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी रात्री फोन आला. "मी तेव्हा काय बोललो होतो, तुला आठवतं का?" मी म्हटलं, आठवतं. तो म्हणाला, "मला वाटायचं, कुणाला आठवत नसेल." मग म्हणाला, "मला यातली प्रत नको. बाबांना घालशील तेव्हा दे."

घालायचं कसं, हा प्रश्न होता. त्या कोपऱ्यात लिनो शिल्लकच नव्हता. सगळा नवीन ठसा कोरायचा तर तो आईचा पदर, ती दादाची मान परत तशी येईल याची खात्री नाही. वर्गातल्या बाईंना विचारलं. त्यांनी उपाय सांगितला, तो लाकडावर कोरणारे फार पूर्वीपासून करत आलेत. ठशातला तेवढा चौकोन धारदार पात्याने कापून काढायचा, नव्या लिनोचा नेमका तेवढाच तुकडा त्या खिडकीत बसवायचा, खालून पाटीला चिकटवायचा, वरून पॉलिश पेपरने पातळी एक करायची आणि त्यावर नवीन कोरायचं. ठिगळच, साध्या शब्दांत. कितीही नीट बसवलं तरी जोडाच्या फटीत शाई जात नाही, म्हणून छापल्यावर त्या तुकड्याभोवती केसाएवढी पांढरी रेघ येते.

एक इंचाचा चौकोन कापला. त्यात जेटीचा कठडा आणि बाबा. करंगळीच्या नखाएवढे. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री काठीसारखी टेकवलेली, कारण मला ते कायम काहीतरी टेकवून ताठ उभे राहिलेलेच आठवतात. पांढरी रेघ आली. बाईंनी सुचवलं, बारीक ब्रशने शाई लावून प्रत्येक प्रतीवर ती बुजवता येईल. मी दोन प्रतींवर बुजवून पाहिली. मग राहू दिली. ठिगळ लावलंय तर दिसू दे.

ही दुसरी अवस्था. पहिली प्रत दादाला दिली. त्याने ती बाबांना दाखवायच्या आधी स्वतः त्यांना फोन केला. काय बोलले ते मी विचारलं नाही. आई म्हणाली, पंधरा मिनिटं बोलले. बाबा फोनवर पंधरा मिनिटं बोलतात हीच आमच्या घरात बातमी.

मी बाबांसमोर चित्र ठेवलं ते गुढीपाडव्याच्या दिवशी. मला धाकधूक होती. आईने गुपित फोडलं म्हणून ते तिच्यावर रागावतील असंही वाटत होतं. त्यांना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आता बरं दिसतं, तरी भिंग आणायला लावलं. होडी बघितली. माणसं मोजली, बोटाने, एक ते सहा. सवय. किल्ला बघितला. मग कोपऱ्यावर भिंग आणलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

म्हणाले, "छत्री चुकली."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"मिटलेली नव्हती. उघडी होती."

"बरोबर, ऊन असणार मे महिन्याचं."

"ऊन कसलं? साडेपाच वाजून गेले होते. तुम्ही चारला परत यायचे, आला नाहीत. समुद्र जरा चढला होता. तिकडून तीन होड्या आल्या, त्यात तुम्ही नाही. म्हटलं, छत्री उघडी धरू. जेटीवर गर्दी होती. तुझ्या आईला लांबून दिसलं पाहिजे, मी कुठं आहे ते."

आई आतून म्हणाली, "दिसली होती."

पस्तीस वर्षांत या दोघांचं याबद्दल बोलणं झालं नव्हतं. मी ते पुढे कितीदा मनात घोळवलं असेल, पण त्या दिवशी आम्ही श्रीखंड-पुरी खाल्ली आणि बाबा झोपायला गेले.

मग तिसरी अवस्था. उघडी छत्री इंचाच्या चौकोनात मावेना, म्हणून जुनं ठिगळ काढून दीड इंचाचं मोठं ठिगळ बसवलं. आता पांढरी रेघही मोठी झाली. छत्री काळी, गोल, सगळ्या चित्रात सर्वांत गडद जागा तीच. लांबून बघितलंत तर होडीच्या आधी छत्रीच दिसते. चित्र म्हणून ते बरोबर आहे की नाही, माहीत नाही. आमच्या बाई म्हणाल्या, कोपरा जड झालाय. त्यांचं बरोबर असेल. होडीच्या चुकीचं काय केलं असं कोणी विचारेल तर काहीही नाही. ती परतच येते आहे.

मी बाबांना विचारलं होतं, आता जाऊया का एकदा, यंत्राची होडी असते हल्ली, लाइफ जॅकेट देतात, मी शेजारी बसेन. ते म्हणाले, "नको. किल्ला जेटीवरून चांगला दिसतो."

आता कामाचं. एकदा ठरलेल्या प्रती छापून झाल्या की ठशावर आडवी रेघ मारून तो बाद करायची पद्धत आहे, पुढे कोणी जास्तीच्या प्रती काढू नयेत म्हणून. मी या ठशाच्या त्रेपन्न प्रती ठरवल्या. बावन्न काढल्या आहेत, त्यांवर पेन्सिलने क्रमांक घातलेत. आपल्यातले तिघे आता नाहीत, त्यांच्या घरी त्यांच्या प्रती मी स्वतः नेऊन देणार आहे. भिंतीवरची चौकटीतली प्रत ठरलेल्यांत धरलेली नाही, ती शाळेची. मुख्याध्यापकांनी ती चित्रकलेच्या खोलीत लावायचं ठरवलंय. मी म्हटलं, पी.टी.च्या खोलीबाहेर लावा. तो वाद अजून मिटलेला नाही.

ठसा बाद न करता चित्रकलेच्या खोलीला देते आहे. मुलांनी त्यावरून प्रती काढाव्यात. ठिगळ सुटलं तर परत बसवावं, सरस आणि पॉलिश पेपर सोबत ठेवलाय.

त्रेपन्नावी प्रत आज जेवणानंतर व्हरांड्यातल्या लांब टेबलावर काढायची आहे, आणि ती बाबा काढणार आहेत. चमचा मी आणलाय. ज्यांना बघायचं त्यांनी अडीच वाजता यावं. शाई तेलाची आहे, पाण्याने निघत नाही, म्हणून गोडेतेल आणि जुने पंचे टेबलाखाली ठेवलेत. पांढरे कपडे घातलेल्यांनी जरा लांब उभं राहावं.